तापलेल्या संगणकाला पाण्याचा उतारा

ओल्या हाताने विजेच्या बटणाला शिवू नये, हे आपल्याला चालायला लागल्यापासून बजावले जाते. पाणी आणि वीज यांचे हाडवैर! आणि तरीही, विद्यार्थीमित्रांनो, एखाद्या हौशी माणसाच्या टेबलावरच्या संगणकाचे झाकण काढून पाहिलेत तर आत वेगळेच दृश्य दिसण्याचा संभव आहे. हजारो रुपये किमतीच्या नाजूक विद्युतमंडलांच्या डोक्यावरून पारदर्शक नळ्या गेलेल्या आहेत, आणि त्या नळ्यांतून चक्क पाणी खेळते आहे! पहिल्यांदा पाहणाऱ्याच्या पोटात गोळाच येतो. एक सांधा सैल झाला, चार थेंब नको तेथे पडले, की सारा खर्च आणि कदाचित आत साठवलेले वर्षाचे काम पाण्यात. मग हा धोका पत्करायचा कशासाठी? आणि पत्करायचाच झाला तर कोणती काळजी घ्यायची? या दोन प्रश्नांच्या उत्तरांत तुमच्या भौतिकशास्त्राच्या पुस्तकातले उष्णतेचे जवळजवळ सगळे प्रकरण येऊन जाते.

इस्त्रीपेक्षा पंधरापट

पंख्याला दिलेली वीज पाते फिरवते, पंपाला दिलेली वीज पाणी चढवते. संगणकाचा मेंदू म्हणजे प्रोसेसर. त्याला दिलेल्या विजेचे काय होते? तो बेरजा-वजाबाक्या करतो खरा, पण बेरीज हे काही वजन उचलणे नव्हे. त्याच्या सिलिकॉनच्या चिपवर कोट्यवधी सूक्ष्म ट्रान्झिस्टर सेकंदाला अब्जावधी वेळा चालू-बंद होत असतात आणि प्रत्येक वेळी किंचित ऊर्जा उष्णता होऊन बाहेर पडते. प्रोसेसरने १५० वॅट वीज घेतली, तर १५० वॅट उष्णता बाहेर पडणार, हा हिशेब अगदी सरळ आहे.

१५० वॅट म्हणजे फार नव्हे, असे वाटेल. पण ती किती जागेतून बाहेर पडते ते पाहा. घरातली १००० वॅटची इस्त्री घ्या. तिच्या तळाचे क्षेत्रफळ साधारण २०० चौरस सेंटिमीटर धरले, तर दर चौरस सेंटिमीटरला ५ वॅट येतात. प्रोसेसरची चिप मात्र जेमतेम २ चौरस सेंटिमीटरची. १५० भागिले २ म्हणजे ७५ वॅट. इस्त्रीच्या पंधरापट! आणि इस्त्रीचे काम तापण्याचे आहे, याचे काम थंड डोक्याने विचार करण्याचे.

हे दुखणे पूर्वी नव्हते. १९८१ साली आयबीएम कंपनीने आपला पहिला पर्सनल कॉम्प्युटर बाजारात आणला, तेव्हा त्याचा ८०८८ हा प्रोसेसर मदरबोर्डवर उघडाच बसलेला असे. पुढे त्याच्या डोक्यावर धातूच्या पट्ट्या आल्या, मग पट्ट्यांवर छोटा पंखा आला. २००४ मधल्या पेंटियम ४ ची नवी चिप १.१ चौरस सेंटिमीटरची होती आणि ती सुमारे १०० वॅट उष्णता टाकी. आज टेबलावरच्या संगणकातले जोरकस प्रोसेसर २५० वॅटपर्यंत जातात. खेळांची चित्रे रंगवणारी ग्राफिक्स कार्डे तर ४५० वॅटच्याही पुढे गेली आहेत.

त्यात हौशी मंडळींना आणखी वेग हवा असतो. ट्रान्झिस्टरांच्या उघडझापीत खर्च होणारी शक्ती ठोक्यांच्या वारंवारतेच्या सम प्रमाणात आणि विद्युतदाबाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. समजा, वारंवारता २० टक्के वाढवली आणि ती पेलावी म्हणून दाब १० टक्के वाढवला. आता गुणाकार करा : १.२ × १.१ × १.१ = १.४५. वेग वाढला २० टक्के, उष्णता वाढली ४५ टक्के! याच उद्योगाला ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. चिपचे तापमान १०० अंश सेल्सिअसच्या आसपास गेले, की आजचे प्रोसेसर स्वतःच आपला वेग कमी करतात, आणि तरीही भागले नाही तर यंत्र बंद पडते. एकंदरीत वेगाचा लगाम उष्णतेच्या हाती आहे.

दुधाचे पातेले आणि चहाची बशी

दूध तापवल्यावर लवकर निवायला हवे असेल, तर आई काय करते? पातेले पाण्याने भरलेल्या परातीत ठेवते. पंख्याखाली ठेवण्यापेक्षा हे बरे, हे तिला विशिष्ट उष्णतेचा धडा न वाचताही ठाऊक असते. आपण तो धडा उघडू या. एक ग्रॅम पाण्याचे तापमान एक अंशाने वाढायला सुमारे ४.२ ज्यूल उष्णता लागते, एक ग्रॅम हवेला सुमारे १ ज्यूल. म्हणजे पाणी चौपट सरस. पण खरा फरक घनतेत आहे. एक लिटर पाण्याचे वजन १००० ग्रॅम, एक लिटर हवेचे अवघे १.२ ग्रॅम. तेव्हा आकारमानाला आकारमान धरले, तर पाणी हवेच्या सुमारे ३,५०० पट उष्णता उचलते. शिवाय उष्णतावाहकतेतही ते हवेच्या वीस-बावीस पट पुढे आहे.

उदाहरण घेऊ. २०० वॅट उष्णता वाहून न्यायची आहे आणि वाहकाचे तापमान १० अंशांनी वाढलेले चालणार आहे. हवा वापरली तर मिनिटाला जवळजवळ १००० लिटर हवा पट्ट्यांतून ढकलावी लागेल. पाणी वापरले तर मिनिटाला ०.३ लिटर, म्हणजे दीड पेला पाणी पुरे! (शिक्षकांनी हे गणित वर्गात जरूर करून घ्यावे.)

येथे एक गैरसमज मात्र दूर केला पाहिजे. पुष्कळांना वाटते, की पाणी उष्णता ‘खाऊन टाकते’. पाणी काहीही खात नाही. ते फक्त हमाल आहे. येथून ओझे उचलायचे आणि तेथे नेऊन टाकायचे. टाकायचे कोठे? अखेर खोलीतल्या हवेतच! परातीतले पाणी बदलले नाही, तर थोड्या वेळाने तेही कोमट होते आणि दूध निवायचे थांबते. संगणकातले पाणी तर तेच ते, लिटरभरसुद्धा नसते, आणि पुन्हा पुन्हा फिरते. तेव्हा त्याला प्रत्येक फेरीत निववणे आले. त्यासाठी बशीची युक्ती वापरतात. कपातला चहा बशीत ओतला, की हवेला भिडणारा पृष्ठभाग वाढतो आणि चहा झटकन निवतो. चपट्या नळ्या आणि त्यांच्यामध्ये दाटीने बसवलेल्या पातळ पट्ट्या असलेला रेडिएटर ही संगणकाची बशी. तिच्यातून पंखे हवा खेळवतात. पूर्वी घाट चढताना एसटीच्या गाडीचे इंजिन तापले, की चालक थांबून बॉनेट उघडे आणि डबा घेऊन पाण्याला जाई. त्या रेडिएटरचेच हे धाकटे भावंड. पहिल्या हौशी लोकांनी १९९० नंतरच्या दशकात नवे रेडिएटर मिळत नव्हते म्हणून जुन्या मोटारींच्या हीटरचे गाभे आणि मत्स्यपेटीचे पंप जोडूनच हा उद्योग सुरू केला होता.

यावरून एक गोष्ट उघड होते. असे फिरते पाणी खोलीतल्या हवेपेक्षा कधीही थंड होणार नाही. मे महिन्यात नागपूरला खोलीत ४० अंश असतील, तर पाणी ४० च्या वरच राहणार. बहुतेक पंपांना ६० अंशांपेक्षा गरम पाणी मानवत नाही, तेव्हा अशा ठिकाणी रेडिएटर मोठाच हवा. दर १०० वॅटला १२० मिलिमीटरच्या एका पंख्याएवढा रेडिएटर, असा हौशी लोकांचा ढोबळ हिशेब आहे.

उष्णतेची वाट

आता चिपपासून निघून उष्णतेबरोबर प्रवास करू. चिपवर धातूची टोपी असते. तिच्यावर तांब्याचा पोकळ ठोकळा घट्ट दाबून बसवतात. त्याला वॉटर ब्लॉक म्हणतात. दोन्ही पृष्ठभाग आरशासारखे दिसले, तरी सूक्ष्मदर्शकाखाली डोंगरदऱ्याच असतात आणि त्या दऱ्यांत हवा अडकते. हवा उष्णतेची मोठी दुर्वाहक. म्हणून मध्ये थर्मल पेस्ट नावाचा लेप लावतात. हा लेप हवेपेक्षा शेकडो पट चांगला वाहक असला, तरी तांब्याच्या मानाने अगदीच सामान्य आहे. म्हणून तो वाटाण्याएवढाच घ्यायचा. लोणी फासल्यासारखा जाड थर दिला, तर मदतीऐवजी अडथळाच होतो.

ठोकळ्याच्या आत नुसती पोकळी नसते. केसाच्या जाडीशी स्पर्धा करणाऱ्या बारीक पट्ट्या कोरलेल्या असतात आणि पाणी त्यांच्यामधून जाते. या कल्पनेमागे एक सुंदर प्रयोग आहे. १९८१ साली अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात टकरमन आणि पीज या दोघांनी सिलिकॉनच्याच पाठीवर ५० मायक्रोमीटर रुंद आणि ३०० मायक्रोमीटर खोल अशा चरांची रांग कोरली आणि त्यांतून पाणी सोडले. दर चौरस सेंटिमीटरला ७९० वॅट उष्णता त्यांनी बाहेर काढून दाखवली, आणि तेवढ्यासाठी तापमान वाढले फक्त ७१ अंश. पाण्याच्या भिंतीलगतच्या थरातून उष्णता आत शिरायला वेळ लागतो. चर अरुंद केले, की मधला थरच उरत नाही, सगळे पाणी भिंतीलगतचे होते!

ठोकळ्यातून पाणी रेडिएटरमध्ये, तेथून छोट्या टाकीत, टाकीतून पंपात आणि पुन्हा ठोकळ्यात. नवशिक्यांमध्ये एक वाद नेहमी रंगतो : प्रोसेसरनंतर पाणी आधी रेडिएटरमध्ये न्यावे, की ग्राफिक्स कार्डाकडून फिरवून मग न्यावे? वाद घालण्यापेक्षा आकडा काढावा. पाणी मिनिटाला १ लिटर वाहते, म्हणजे सेकंदाला १६.७ ग्रॅम. त्याला एक अंश तापायला सेकंदाला ७० ज्यूल लागतात. २०० वॅटचा प्रोसेसर पार करताना ते ३ अंशही वाढत नाही, आणि प्रवाह तिप्पट असेल तर एका अंशाच्या आतच. साऱ्या मंडलात पाण्याचे तापमान जवळजवळ सारखेच असते, तेव्हा क्रमाची फारशी चिंता नको. टाकी पंपाच्या वर किंवा अलीकडे असणे, एवढा एकच क्रम मात्र पाळलाच पाहिजे. पंपाच्या आतल्या भागांना वंगण म्हणून पाणीच असते, आणि कोरडा फिरवला तर पंप थोड्याच वेळात निकामी होतो.

पंप मध्येच बंद पडला तर? ठोकळ्यात समजा २० ग्रॅम पाणी आहे. २०० वॅट त्याला सेकंदाला सुमारे २.४ अंशांनी तापवतील. अर्ध्या मिनिटात काम तमाम! प्रोसेसर त्याआधीच स्वतःला आवरतो, हे आपले नशीब. उलट पंप चालू आहे आणि पंखेच बंद पडले, तर लिटरभर पाणी मिनिटाला ३ अंशांनीच चढते आणि आपल्याला सावरायला वेळ मिळतो.

बर्फ टाकला तर?

हा प्रश्न तुमच्यापैकी कोणीतरी विचारणारच. टाकीत बर्फ टाकला, की झाले! आधी गणित. एक ग्रॅम बर्फ वितळायला ३३४ ज्यूल अप्रकट उष्णता लागते. एक किलो बर्फ म्हणजे ३,३४,००० ज्यूल. २०० वॅटने भागा : १६७० सेकंद, म्हणजे २८ मिनिटे. एक तास खेळायचे तर दोन किलोंहून अधिक बर्फ! पण खरी अडचण वेगळीच आहे. पावसाळ्यात मुंबईच्या खोलीत ३० अंश तापमान आणि ८० टक्के सापेक्ष आर्द्रता असेल, तर दवबिंदू सुमारे २६ अंशांवर असतो. याहून थंड असलेल्या प्रत्येक वस्तूवर दव जमणार. सरबताच्या पेल्याला बाहेरून घाम फुटतो ना, तसाच घाम तुमच्या नळ्यांना आणि ठोकळ्याला फुटेल आणि थेंब थेंब मदरबोर्डवर ठिबकेल. नळी न फुटताच गळती! पाणी खोलीपेक्षा थंड होत नाही, ही मघाशी वाटलेली उणीव म्हणजे वास्तविक या पद्धतीचे संरक्षणच आहे.

मग माठाची युक्ती? बाष्पीभवनाने माठातले पाणी खोलीपेक्षा थंड होते खरे. काही उद्योगी मंडळींनी तसे मनोरेही बांधून पाहिले आहेत. पण पाणी सतत उडून जाते, पुन्हा भरावे लागते, आणि धूळ आत येते ती वेगळीच.

पाण्याचे तीन दोष

नळाचे पाणी यात घालायचे नाही. त्यातील क्षार वीज वाहतात आणि बारीक चरांत पुटेही धरतात. बॅटरीवाल्याकडे मिळते तसे डिस्टिल्ड वॉटर बरे, किंवा याच कामासाठी तयार मिळणारे द्रव. पण डिस्टिल्ड वॉटर विजेचे वहन फारसे करत नाही म्हणून निर्धास्त राहू नका. तांब्यातून आणि सांध्यांतून फिरताना ते हळूहळू आयन गोळा करते, आणि सांडले तर वाटेतली धूळही विरघळवते. गळालेले पाणी शुद्ध राहत नाही.

दुसरा दोष रसायनशास्त्राचा. ठोकळा तांब्याचा आणि रेडिएटर स्वस्त मिळाला म्हणून ॲल्युमिनियमचा, अशी जोडी नवशिके हमखास जमवतात. दोन भिन्न धातू आणि त्यांना जोडणारे पाणी, म्हणजे व्होल्टाचा घटच की! यात बळी जातो तो ॲल्युमिनियमचा. तो झिजतो, त्याचा चिखल चरांत अडकतो, आणि काही महिन्यांनी पातळ नळीला भोक पडते. एका मंडलात शक्यतो तांबे, पितळ आणि निकेलचा मुलामा एवढेच धातू ठेवावेत.

तिसरा दोष जीवशास्त्राचा. कोमट पाणी, पारदर्शक नळी आणि खिडकीतला उजेड, शेवाळाला आणखी काय हवे? म्हणून तयार द्रवांत जंतुनाशक आणि क्षरणरोधक घातलेले असते. ते द्रव विषारी असू शकतात, लहान भावंडांच्या हाती लागू देऊ नका. वर्षातून एकदा सारे पाणी बदललेले बरे.

जोडणीतला सर्वांत महत्त्वाचा भाग बहुतेक जण घाईने उरकतात, तो म्हणजे गळतीची चाचणी. सांधे जोडून झाले, की प्रत्येक सांध्याखाली कोरडा टिपकागद ठेवा आणि फक्त पंपाला वीज द्या. मदरबोर्ड, ग्राफिक्स कार्ड, सगळ्यांची वीज काढून ठेवलेली हवी. पेटी थोडी इकडे-तिकडे कलवली, की अडकलेले बुडबुडे टाकीत येतात. असे २४ तास चालू द्या. बंद असलेल्या मंडलावर थेंब पडला तर पुसून, नीट वाळवून पुन्हा सुरुवात करता येते. चालू मंडलावर पडला तर बहुधा नाही. आणि पॉवर सप्लायची पेटी कोणत्याही कारणाने उघडायची नाही. मदरबोर्डवर १२ व्होल्टांच्या वर सहसा काही नसते, पण त्या पेटीत २३० व्होल्ट येतात, आणि बटण बंद केल्यावरही तिच्या धारित्रांत भार शिल्लक राहतो. हे सारे काम जाणत्या मोठ्या माणसाच्या सोबतीनेच करावे, हे वेगळे सांगायला नको.

मोठ्या संगणकांची जुनी विद्या

ही कल्पना हौशी लोकांच्या डोक्यातून निघालेली नाही. १९८० साली आयबीएमने जाहीर केलेल्या ३०८१ या मोठ्या संगणकात शंभराहून अधिक चिपा ९ सेंटिमीटर चौरसाच्या एकाच चिनी मातीच्या पाटीवर बसवल्या होत्या. प्रत्येक चिपच्या पाठीला स्प्रिंगने दाबलेला ॲल्युमिनियमचा दट्ट्या टेकलेला, मधल्या फटींत हवेच्या सहापट उष्णतावाहक असलेला हेलियम वायू भरलेला, आणि वरच्या पाटातून पाणी वाहते. १९८५ मध्ये सीमोर क्रे यांच्या क्रे-२ ने तर कमालच केली. त्याची सारी मंडले वीज न वाहणाऱ्या फ्ल्युओरिनर्ट नावाच्या द्रवात बुडवलेली होती! पुढे १९९० नंतर कमी वीज खाणाऱ्या सीमॉस जातीच्या चिपा मोठ्या यंत्रांत आल्या आणि पाणी मागे पडले. पण त्याही चिपा दाटत आणि तापत गेल्या, आणि पाणी पुन्हा परतले. २०१० साली झुरिच येथे आयबीएम आणि तेथील तंत्रविद्यापीठाने ‘ॲक्वासार’ या संगणकात चक्क ६० अंशांचे गरम पाणी सोडले. चिपला तेही थंडच! बाहेर आलेले पाणी इमारती उबदार ठेवायला वापरले. आपल्याकडे पुण्याच्या आयसर संस्थेत २०१९ साली बसवलेल्या ‘परम ब्रह्म’ या महासंगणकातही प्रोसेसरपर्यंत थेट द्रव नेऊन त्याला निववण्याची पद्धत आहे.

मग तुमच्या शाळेतल्या किंवा घरच्या संगणकाला हे करावे का? माझे मत विचाराल, तर बहुधा नको. ६५ वॅटच्या साध्या प्रोसेसरला चांगला पंखा पुरतो, आणि पट्ट्यांत साचलेली धूळ काढली तर कवडीही खर्च न होता तापमान उतरते. ज्यांना जड कामे तासन्‌तास चालवायची आहेत, किंवा पंख्यांची घरघर नको आहे, त्यांना पाणी उपयोगी. त्यांच्यासाठीही कारखान्यातूनच भरून बंद केलेले संच मिळतात. नवशिक्याने सुरुवात त्यांनी करावी.

आणि गंमत म्हणजे ‘हवेने थंड होणाऱ्या’ संगणकातही बहुधा पाणी असतेच! पट्ट्यांत शिरलेल्या तांब्याच्या नळ्या भरीव नसतात. त्यांतली हवा काढून आत अगदी थोडे पाणी ठेवून तोंड बंद केलेले असते. कमी दाबामुळे हे पाणी १०० अंशांच्या पुष्कळ खाली उकळते, वाफ नळीच्या थंड टोकाला जाऊन उष्णता सोडते आणि पाणी होऊन आतल्या सच्छिद्र अस्तरातून परत येते. पंप नाही, वीज नाही. १९६३ साली अमेरिकेतील लॉस अलामोस येथे जॉर्ज ग्रोव्हर यांनी ही नळी प्रयोगशाळेत चालवून दाखवली, आणि ती आज लॅपटॉपच्या पोटातही बसली आहे.

वर्गात करण्याजोगा प्रयोग असा : सारख्या आकाराच्या दोन स्टीलच्या वाट्यांत सारखेच, ६० अंशांचे पाणी घ्या. दोन्हींवर झाकणे ठेवा, नाहीतर बाष्पीभवनाने निष्कर्ष बिघडेल. एक वाटी चालू पंख्याखाली ठेवा, दुसरी खोलीच्या तापमानाच्या पाण्याने अर्ध्या भरलेल्या परातीत. दर दोन मिनिटांनी दोन्हींचे आणि परातीतल्या पाण्याचेही तापमान नोंदवून आलेख काढा. मग परातीत निम्मेच पाणी घेऊन प्रयोग पुन्हा करा, आणि वाटीचा आलेख कोठे आडवा होऊ लागतो ते पाहा.